बोगद्यातली केबल टांगूनच ठेवा

बोगद्यात केबल तळावर पसरू नका. चिखलात ती दिसत नाही. वरून लोडरचं चाक गेलं की बाहेरचं रबर शाबूत आणि आतली तार तुटलेली, असला दोष शोधताना घाम फुटतो. भिंतीवर डोक्याच्या वर, दर दीड-दोन मीटर अंतरावर प्लास्टिक चढवलेले हुक ठोकून त्यांवर टांगा. बाइंडिंग वायर मात्र नकोच, ती आवरणात रुतते. वाट ओलांडायची तर जाड लोखंडी पाइपातून न्या. पाइपाची तोंडं आधी कानशीने घासा, नाहीतर तीच केबल कापतात. सुरुंग उडवण्याआधी पुढची केबल गुंडाळून मागे घ्या. सांध्यावर नुसती टेप चालत नाही, वॉटरप्रूफ प्लग-सॉकेट हवं. हातयंत्रांच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. शिफ्ट सुरू होताना त्याचं टेस्ट बटण दाबून पाहा.