घोषणेपासून वापरापर्यंत: विज्ञान आणि संरक्षणाच्या राष्ट्रीय बातम्या कशा वाचाव्यात

विज्ञान, तंत्रज्ञान, सार्वजनिक धोरण किंवा संरक्षण या क्षेत्रांतील एखादी राष्ट्रीय बातमी हाती आली की सर्वांत आधी ती कोणत्या टप्प्यावरची आहे हे ठरवावे. घोषणा, तत्त्वतः मान्यता, अंतिम मंजुरी, निधीची तरतूद, करार, चाचणी, उत्पादन आणि प्रत्यक्ष वापर हे एकाच कामाचे वेगवेगळे टप्पे असतात. त्यांच्यात अनेकदा काही वर्षे जातात, आणि तरीही प्रत्येक टप्प्याची बातमी जवळपास सारख्याच शब्दांत छापली जाते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे एकच प्रकल्प दोन-तीनदा ‘मंजूर’ झालेला दिसतो आणि कोणते वर्ष धरावे हे उमगत नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मान्यता दिली, ती तत्त्वतः होती. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत, पण पहिली सांगते की सरकारला हा प्रकल्प हवा आहे आणि दुसरी सांगते की त्यासाठी पैसा खर्च करण्याचा निर्णय झाला आहे. ‘तत्त्वतः’ हा शब्द मथळ्यातून बहुधा गळतो, म्हणून मूळ प्रसिद्धिपत्रक उघडून तो शोधणे हे वाचकाचे पहिले काम समजावे.

संरक्षण खरेदीत हे टप्पे अधिक आहेत आणि गोंधळही तिथेच सर्वाधिक होतो, म्हणून ते नीट समजून घेणे आवश्यक आहे. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण संपादन परिषद एखाद्या प्रस्तावाला हिरवा कंदील दाखवते, तेव्हा ती केवळ ‘या सामग्रीची गरज आहे’ हे मान्य करते. त्या दिवशी कोणाकडेही मागणी नोंदवली जात नाही आणि पैसे दिले जात नाहीत. त्यानंतर निविदा, चाचण्या आणि किमतीच्या वाटाघाटी होतात, मोठ्या रकमेचे प्रस्ताव पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीपुढे जातात आणि शेवटी करार होतो.

पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या डीआरडीओच्या, म्हणजे केंद्राच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या, प्रयोगशाळेने विकसित केलेल्या १५५ मिलिमीटर तोफेचा, म्हणजे एटॅग्सचा, प्रवास या दृष्टीने क्रमवार वाचण्यासारखा आहे. विकासाचे काम २०१३ च्या सुमारास सुरू झाले. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणच्या चाचण्यांत नळी फुटल्याची घटना घडली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी लाल किल्ल्यावरील मानवंदनेत या तोफेचा आवाज देशाने ऐकला, आणि तोफ लष्कराच्या सेवेत आली असा समज अनेकांनी त्याच दिवशी करून घेतला. वास्तविक ३०७ तोफांची गरज संपादन परिषदेने मान्य केली मार्च २०२३ मध्ये, आणि सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार भारत फोर्ज व टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टीम्स या कंपन्यांशी झाले मार्च २०२५ मध्ये. तोफांचा पुरवठा ही त्यापुढची गोष्ट. एका तोफेला रेखाटनापासून करारापर्यंत येण्यास एका तपाएवढा काळ लागला हे कळले, तर नव्या शस्त्राच्या पहिल्याच यशस्वी चाचणीवरून तारखा बांधण्याची घाई वाचक करणार नाही, आणि त्या प्रयोगशाळेत चिकाटीने काम करणाऱ्यांविषयीचा त्याचा आदरही अधिक खरा होईल.

तेजस मार्क-१ए या स्वदेशी लढाऊ विमानाच्या बातम्यांनाही हीच पद्धत लावावी. पहिल्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये आणि आणखी ९७ विमानांचा सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. नाशिकच्या नव्या उत्पादन साखळीवरील पहिले विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात झेपावले. पहिले उड्डाण म्हणजे हवाई दलाकडे हस्तांतर नव्हे, म्हणून या दोन्ही घटनांची नोंद वेगळी ठेवावी. मध्यंतरी अमेरिकेतून येणाऱ्या एफ-४०४ इंजिनांना झालेला उशीरही त्याच नोंदीत लिहावा, कारण स्वदेशी प्रकल्पाचे वेळापत्रक आयात भागावर किती अवलंबून असते हे त्यातून कळते. सेवेत दाखल होणे हादेखील नेहमी शेवटचा टप्पा नसतो. विक्रांत ही विमानवाहू नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली, पण तेजसची नौदल आवृत्ती आणि मिग-२९के ही विमाने तिच्यावर पहिल्यांदा उतरली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये.

चाचणीची बातमी वाचताना नेमके काय तपासले गेले, हा प्रश्न विचारावा. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयान मोहिमेची चाचणी यशस्वी झाली, असे आपण वाचले. त्या दिवशी इस्रोने संकटप्रसंगी अंतराळवीरांचे यान रॉकेटपासून दूर नेणारी सुटका यंत्रणा तपासली आणि त्यासाठी खास तयार केलेले छोटे चाचणी रॉकेट वापरले. माणसे घेऊन जाणाऱ्या मोठ्या रॉकेटचे ते उड्डाण नव्हते. अपयशाची पत्रकेही तितक्याच लक्षपूर्वक वाचावीत. १८ मे २०२५ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी६१ या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन ईओएस-०९ उपग्रह गमवावा लागला. बिघाड कोणत्या टप्प्यात झाला एवढे एक वाक्यही पुढच्या उड्डाणाची बातमी समजून घेण्यास उपयोगी पडते.

पैशांच्या आकड्यांबाबत माझा आग्रह असा की, रक्कम कोणाची, किती वर्षांची आणि कोणत्या स्वरूपाची, या तीन गोष्टी कळल्याशिवाय आकडा वहीत उतरवू नये. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेचे ६,००३.६५ कोटी रुपये २०२३-२४ ते २०३०-३१ या आठ वर्षांसाठी आहेत. संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या संस्थेसाठी सांगितलेल्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटी रुपयांपैकी मोठा वाटा सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणग्यांतून, येणे अपेक्षित आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेली संशोधन, विकास व नवोन्मेषाची एक लाख कोटी रुपयांची योजना मुख्यतः अल्प व्याजाचे वा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे कर्ज आणि भांडवली गुंतवणूक या मार्गाने खासगी क्षेत्राला मदत करते, तेव्हा ती रक्कम विद्यापीठांच्या अनुदानात मिळवणे चुकीचे ठरेल. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये होते, पण त्यांपैकी सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आणि १.८० लाख कोटी सेनादलांच्या भांडवली खर्चाचे होते. नवी विमाने आणि नौका या शेवटच्या रकमेतून येतात. दरवर्षीच्या अर्थसंकल्पीय पुस्तिकांत मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे आकडे असतात. घोषणेची खरी प्रगती पाहायची तर प्रत्यक्ष खर्चाचा रकाना पाहावा.

कायद्यांच्या बाबतीत संमती आणि अंमल यांत फरक करावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाली, त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतही काही तरतुदी तत्काळ, काही एका वर्षाने आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होणार, अशी रचना आहे.

हे सर्व तपासण्याची साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. पत्र सूचना कार्यालयाची पत्रके मराठीतही निघतात, पण तांत्रिक शब्दाविषयी शंका आली तर इंग्रजी पत्रक शेजारी ठेवावे. कायदा आणि नियमांसाठी भारताचे राजपत्र हाच अखेरचा आधार मानावा. प्रकल्प रखडला आहे का, हे सरकारी पत्रकात क्वचितच सापडते. त्यासाठी लोकसभा व राज्यसभेतील लेखी उत्तरे, अनुदान मागण्यांवरील स्थायी समित्यांचे अहवाल आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल वाचावेत.

वहीत प्रत्येक प्रकल्पाला एक पान द्यावे आणि त्यावर तारीख, टप्पा, रक्कम व मूळ कागद एवढेच लिहावे. संसदेच्या प्रत्येक अधिवेशनानंतर आणि अर्थसंकल्पानंतर पाने चाळून टप्पा बदलला असल्यास नवी ओळ जोडावी, जुनी खोडू नये. ज्या पानावर पुढची तारीख आधीच ठाऊक आहे, तिथे ती आजच लिहून ठेवावी: डेटा संरक्षण कायद्याच्या पानावर, कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी, ती मे २०२७ असेल.