सप्टेंबरमधला सावकाशपणा

सनदी लेखापालाच्या कार्यालयात आर्टिकल म्हणजे प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झालेल्या मुलामुलींना तारखांचे कोष्टक पहिल्या काही महिन्यांतच तोंडपाठ होते. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएसचा, म्हणजे रक्कम देतानाच कापून घेतलेल्या कराचा भरणा, ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे, तेव्हा ३१ जुलैला ज्यांना ऑडिट लागू नाही त्यांची आयकर विवरणपत्रे आणि ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटचे, म्हणजे आयकरासाठीच्या हिशेबतपासणीचे अहवाल. या तारखा कायद्याने ठरवलेल्या असल्यामुळे आपल्या वाट्याला केवळ धावणे येते, असे मी दुसऱ्या वर्षापर्यंत मानत होतो.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये माझ्याकडे टॅक्स ऑडिटच्या अकरा फाइली होत्या. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ तारखेला आणि अनंत चतुर्दशी २८ तारखेला आली होती. विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, त्यामुळे शेवटच्या तीन दिवसांतला एक हातचा गेलाच, असे धरून मी आधीच्या आठवड्यात रोज रात्री उशिरापर्यंत थांबू लागलो. कोणी थांबायला सांगितले नव्हते. शेजारच्या टेबलावरचा दिवा चालू असताना आपला बंद करून उठणे मला जमत नव्हते, एवढेच.

अशाच एका रात्री साडेअकराच्या सुमारास मी ऑडिटच्या अहवालासोबत द्यायच्या थ्री-सीडी फॉर्ममधला विसावा मुद्दा भरत होतो. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कधी भरायला हवी होती आणि प्रत्यक्षात कधी भरली, याच्या बारा महिन्यांच्या तारखा तिथे द्याव्या लागतात. मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची असते. एका चलनावर, म्हणजे रक्कम भरल्याच्या पावतीवर, २४ तारीख होती आणि मी १४ टाइप केले. एका आकड्याची ही चूक दिसायला क्षुल्लक होती; पण उशिरा भरलेली अशी रक्कम खर्च म्हणून वजा मिळणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केलेले असल्यामुळे त्या आकड्यावर क्लायंटचे करपात्र उत्पन्न बदलत होते, आणि अहवालावर सही सरांची होणार होती.

सरांनी बँकेचे स्टेटमेंट शेजारी ठेवून ती चूक सकाळी पकडली आणि एवढेच विचारले, ‘‘हे किती वाजता भरलंस?’’ उत्तर देताना मला रागावून घेण्यापेक्षा अधिक ओशाळल्यासारखे झाले. रात्री दहानंतर भरलेल्या चारही फाइली मी पुन्हा तपासल्या, त्यात आणखी दोन चुका निघाल्या आणि पूर्ण एक दिवस गेला. रात्री जागून मिळवलेले तास असे व्याजासकट परत करावे लागले.

त्यानंतर मी जे केले ते सांगायला सोपे असले तरी करायला अवघड गेले. मी सरांकडे जाऊन म्हणालो, ‘‘सर, आज माझ्याकडून दोनच फाइली होतील.’’ मला वाटले होते की बोलणी बसतील. त्यांनी विचारले, ‘‘कोणत्या दोन?’’ कामाची वाटणी करणाऱ्या माणसाला बहुधा हाच आकडा हवा असतो, आणि आपण तो भिडेपोटी लपवून ठेवतो. माझ्या दोन फाइली एका सहकाऱ्याकडे गेल्या. तो काही दिवस माझ्याशी तुटक बोलत होता, हेही नमूद करायला हवे; सावकाश जाण्याची किंमत कधीकधी दुसऱ्यालाही मोजावी लागते. ऑक्टोबरमध्ये मी त्याची कामे उचलली.

नवीन आलेल्यांनी सगळेच काम हळू करावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. व्हाउचिंग (नोंदी पावत्यांशी ताडणे) किंवा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या लेजरची (खात्यांची) चाळणी सरावाने वेगात होते आणि तशी व्हावीही. मात्र ज्या रकान्यातला आकडा थेट सहीखाली जाणार आहे, तिथे वेग मुद्दाम कमी करावा. मी असे रकाने सकाळी पहिल्या तासात भरू लागलो आणि तारखा चलनावरून मोठ्याने वाचू लागलो. सुरुवातीला हसू झाले, नंतर दोघी-तिघी तसेच करू लागल्या. संध्याकाळी साडेसातनंतर मी फक्त कागद लावण्याचे आणि क्लायंटला फोन करण्याचे काम ठेवले. आर्टिकलसाठी नियमानुसार आठवड्याला ३५ तासांचे काम अपेक्षित असते. सप्टेंबरमध्ये ते कोणी पाळत नाही, पण हा आकडा ठाऊक असला म्हणजे आपण वेळेवर उठून काही चोरी करत आहोत, ही भावना थोडी ओसरते.

मुदतवाढीच्या आशेवर मात्र सैल पडू नये. २०२४ मध्ये ऑडिट अहवालांची मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली खरी, पण ती घोषणा झाली २९ सप्टेंबरला. तोवर ज्यांना धावायचे ते धावून झाले होते. त्या वर्षी ३१ जुलै उलटल्यावर मी तीन दिवस रजा घेऊन गावी गेलो आणि परतल्यावर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच सगळ्या क्लायंटकडून भविष्यनिर्वाह निधीची चलने मागवून घेतली. अकरापैकी सात जणांनी ती महिनाअखेरीपर्यंत पाठवली. उरलेल्या चौघांची नावे मी सरांना १ सप्टेंबरलाच लिहून दिली, त्यामुळे त्यांच्या मागे लागण्याचे काम माझे एकट्याचे राहिले नाही.