मुलांच्या हातात जातो तो मोबाईल आपलाच असतो, आधी तो नीट करा

पाच-सात वर्षांच्या मुलाचा स्वतःचा मोबाईल बहुतेक घरांत नसतोच, त्याला मिळतो तो आईचा, बाबांचा नाहीतर आजोबांचा, आणि त्यात आपलं व्हॉट्सअ‍ॅप, आपली गॅलरी, गुगल पे, रात्री यूट्यूबवर बघितलेल्या खुनाच्या बातम्या, सगळं तसंच असतं. त्यामुळे मुलाला काय शिकवायचं ते नंतर, आधी फोन नीट करायचा. एखाद्या रविवारी बसून घरातल्या सगळ्या फोनवर करून टाका, आणि सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या, कारण आईबाबांनी कितीही नियम केले तरी दुपारी पोरं मोबाईल आजीकडेच मागतात आणि तिथे कसलंच लॉक नसतं.

सगळ्यात पहिलं यूट्यूब. लहान मुलाला साधं यूट्यूब देऊच नका. टाईप करता येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, ती माईक दाबून बोलतात आणि "भूत दाखव" म्हटलं की भूत येतंच. यूट्यूब किड्स टाका. त्यात ४ वर्षांपर्यंत, ५ ते ८ आणि ९ ते १२ असे गट आहेत, पण मूल लहान असेल तर मी म्हणेन गटावरही विसंबू नका, व्हिडिओ आपण स्वतः मंजूर करायचा पर्याय असतो तो निवडा, मग तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ आणि चॅनल दिसतात आणि सर्च बंद होतो. थोडं किचकट आहे, एकेक चॅनल बघून निवडावा लागतो, पण ओळखीच्या कार्टूनचे चेहरे लावून मारझोडीचे आणि घाणेरडे व्हिडिओ बनवणारे लोक आहेत आणि वरचं चित्र बघून आपल्यालाही कळत नाही आत काय आहे. हॉलमधल्या टीव्हीवरचं यूट्यूब पण याच यादीत धरा.

दुसरं, अ‍ॅप पिन करणं. हे फार कमी लोक वापरतात आणि मला तर सगळ्यात उपयोगी हेच वाटतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वर सर्चला 'पिन' टाका, अ‍ॅप पिनिंग चालू करा आणि बाहेर पडताना लॉक विचारेल तेही चालू करा, मग जे अ‍ॅप पिन करून द्याल त्या एकाच अ‍ॅपमध्ये मूल राहतं, तिथून व्हॉट्सअ‍ॅप किंवा गॅलरीत जात नाही. आयफोनला हेच काम गाईडेड अ‍ॅक्सेस करतं, ते अ‍ॅक्सेसिबिलिटीत सापडेल.

पैशांचं: प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागेल असं करून ठेवा, नाहीतर गेममधले डायमंड घेताना पोरांना कळत पण नाही की हे खरे पैसे आहेत. आणि यूपीआय पिन मुलांसमोर टाकू नका, त्यांना तो पाठ होतो.

मुलाला वेगळा टॅब दिला असेल तर गुगलचं फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं अ‍ॅप वापरा, नवीन अ‍ॅप टाकायला तुमची परवानगी लागते, वेळेची मर्यादा घालता येते.

आता मुलाशी बोलायचं. "अनोळखी माणसाशी बोलू नको" एवढ्याने भागत नाही, कारण गेममध्ये रोज सोबत खेळणारा 'दादा' मुलाला अनोळखी वाटतच नाही. त्यापेक्षा नेमकं सांगा: शाळेचं नाव, पत्ता, फोटो कोणी मागितला तर द्यायचा नाही, आणि "आईला सांगू नको" असं जो म्हणेल त्याचं तर लगेच येऊन सांगायचं. गेममधला व्हॉइस चॅट बंदच ठेवा. आणि विचित्र काही दिसलं तर फोन पालथा ठेवायचा आणि हाक मारायची, हे दोन-तीनदा खेळासारखं करून घ्या, सवय लागते. मूल हाक मारेल तेव्हा कृपा करून ओरडू नका आणि फोन काढून घेऊ नका, एकदा तसं झालं की पुढच्या वेळी ते लपवणार.

आपलंही एक बघा, जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी युनिफॉर्म आणि गळ्यात ओळखपत्र असा फोटो स्टेटसला जातो, त्यात नाव, इयत्ता, शाळा सगळं वाचता येतं. फोटो टाकायचाच तर ओळखपत्र काढून घ्या.

आणि कोणी मुलाला घाणेरडं काही पाठवलं किंवा धमकावलं तर चॅट डिलीट करू नका, नंबर आणि प्रोफाईल लिहून ठेवा, मुलाचा तसा फोटो असेल तर "बघा काय आलंय" म्हणून नातेवाईकांना अजिबात फॉरवर्ड करू नका, तो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. १०९८ ही चाइल्डलाइन, फुकट आहे आणि २४ तास चालू असते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर होते, मुलांच्या अश्लील फोटो-व्हिडिओंची तर नाव न सांगताही करता येते, आणि पोलीस स्टेशनला जाल तेव्हा ज्यावर मेसेज आला तो फोन सोबत न्या.