सरड्यासाठी रातकिडे पाळताना या चुका टाळा

बिअर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा घरी आणण्यापूर्वी लोक त्याच्या काचपेटीचा आणि दिव्यांचा महिनाभर अभ्यास करतात. त्याचे रोजचे अन्न असलेले रातकिडे मात्र मिळेल त्या डब्यात कोंबतात. इथे न्यू जर्सीत ओळखीच्या घरांमध्ये मी हेच वारंवार पाहतो, आणि बहुतेक ठिकाणी मूळ चूक ओलाव्याची असते.

पहिल्या वर्षी मीही स्वस्त पडतात म्हणून एकदम १००० रातकिडे मागवले, झाकणाला चार भोके पाडली आणि त्यांना तहान लागेल या काळजीने पाण्याची वाटी ठेवली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडले तेव्हा अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरले. कित्येक किडे वाटीत बुडाले होते आणि उरलेले विष्ठेच्या ओल्या थरात मरत होते. तेव्हापासून मी झाकणाचा मधला भाग कापून तिथे धातूची बारीक जाळी बसवतो, कारण प्लास्टिकची जाळी ते कुरतडतात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवतो, म्हणजे विष्ठा तळाशी पडते. पाण्याऐवजी गाजराच्या चकत्या देतो आणि त्या रोज बदलतो. तळाशी भुसा घालत नाही, त्यामुळे मेलेला किडा लगेच दिसतो. यात रोजची पाच मिनिटे जातात. तेवढीही ज्याला जड वाटतात, त्याने हा प्राणी पाळू नये.

दुसरी चूक म्हणजे उपाशी रातकिडा सरड्याला देणे. रातकिड्यात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतो, म्हणून सरड्याची हाडे ठिसूळ होऊ नयेत यासाठी किड्यांना आदल्या दिवशी हिरव्या पालेभाज्या खाऊ घालाव्यात आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी लावावी. ती आधी लावून ठेवण्याचा सोपा मार्ग निरुपयोगी आहे, कारण किडे अंग साफ करून ती काढून टाकतात.

सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नये. बागेतले किडे नकोत. त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते. थंडीत आलेले निश्चल किडे मेले समजून लगेच फेकू नयेत, काही तास उबेत ठेवून पाहावेत. नवे किडे जुन्यांत मिसळू नयेत, त्यांच्यासोबत रोग येऊ शकतो. अमेरिकेतील रातकिडे-उत्पादकांना २००९-१० मध्ये डेन्सोव्हायरस या रातकिडे मारणाऱ्या विषाणूने मोठा फटका दिला होता.

आणि न खाल्लेले किडे रात्रभर काचपेटीत कधीही सोडू नयेत, कारण भुकेले रातकिडे झोपलेल्या सरड्याला चावतात. मी दिवा मालवण्यापूर्वी लाकडाखाली आणि पाण्याच्या भांड्यामागे शोधून शेवटचा किडाही बाहेर काढतो.