धडा काढून घेतला तरी खेळ चालतो का?

सुरुवातीची काही वर्षं मी गणिताच्या तासाला ज्याला ‘खेळ’ म्हणायचे, ती खरं तर प्रश्नमंजूषा असायची. वर्गाचे दोन गट, मी प्रश्न विचारणार, आधी हात वर करेल त्याला गुण. वर्गात भरपूर दंगा व्हायचा आणि मी खूश असायचे. एकदा सहज वहीत खुणा केल्या. पूर्ण तासात बोलणारी मुलं होती चार. बाकीची टाळ्या वाजवत होती आणि मागची दोन बाकं खिडकीबाहेर बघत होती.

चुकेल तो बाद, हा प्रकार तर त्याहून वाईट. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच पहिल्या मिनिटाला भिंतीला टेकून उभा राहतो.

तेव्हापासून खेळ निवडताना मी एकच गोष्ट बघते. त्यातून धडा काढून घेतला तरी खेळ तसाच चालतो का? सापशिडीच्या घरात बेरजा लिहिल्या, तरी मूल जिंकतं ते फाशाच्या जोरावर. बेरीज म्हणजे मध्ये भरावा लागणारा दंड. जिंकायला धड्यातलाच विचार लागला पाहिजे.

विभाजकांसाठी माझा हुकमी खेळ सांगते. जोडीत एक कागद, त्यावर १ ते ३० आकडे. पहिल्याने एका संख्येला गोल करायचा, तेवढे गुण त्याला. त्या संख्येचे उरलेले सगळे विभाजक समोरच्याचे. मग पाळी बदलते. एकदा घेतलेली संख्या पुन्हा कुणालाच मिळत नाही आणि जिचा एकही विभाजक शिल्लक नाही अशी संख्या घेतली तर गुण शून्य. पहिल्या डावात जवळजवळ प्रत्येक जण हावरटपणे ३० घेतो. समोरचा १, २, ३, ५, ६, १०, १५ गोळा करतो, बेरीज ४२! दुसऱ्या डावात कुणीतरी २९ घेतं, समोरच्याला फक्त १ मिळतो. मग वर्गात कुजबुज सुरू होते: २९ सारख्या आणखी कोणत्या? मूळ संख्येची व्याख्या मी त्यानंतर फळ्यावर लिहिते, आधी नाही.

संभाव्यतेसाठी घोड्यांची शर्यत. फळ्यावर १ ते १२ क्रमांकांचे घोडे, प्रत्येक गटाचा एक. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. एक नंबरचा घोडा मी मुद्दाम ठेवते आणि तो कुणीतरी घेतंच! पाचसहा वेळा फासे पडल्यावर तो गट ओरडतो, “बाई, आमचा हलूच शकत नाही!” फाशांच्या ३६ जोड्यांपैकी ७ बेरीज सहा जोड्यांत येते, १२ फक्त एकीत. तरी कधीकधी ६ किंवा ८ जिंकतो. अशा दिवशी वाईट वाटून घेऊ नका, ‘शक्यता जास्त’ म्हणजे ‘खात्री’ नव्हे हे समजवायला त्याहून चांगली संधी नाही.

आता व्यवस्थेचं. नियम दोन मिनिटांत सांगून होत नसतील तर खेळ सोपा करा. एका मुलाला पुढे बोलावून एक खोटा डाव सगळ्यांसमोर खेळा; तोंडी सांगण्यापेक्षा लवकर कळतं. फासा उघड्या वहीवर टाकायचा, म्हणजे खडखड होत नाही आणि तो बाकाखाली पळत नाही. थांबायची खूण आधीच ठरवा. मी नुसता हात वर करते. ओरडून थांबवायला गेलं की आपलाच घसा बसतो.

आणि वेळ राखा. पस्तीस मिनिटांच्या तासात खेळाला पंधरा, त्यानंतरच्या बोलण्याला निदान दहा. ‘ही चाल का केलीस?’ हा प्रश्न विचारायच्या आतच घंटा झाली, तर मुलांच्या डोक्यात फक्त कोण जिंकलं एवढंच उरतं.

बक्षिसं मी बंद केली. स्टार द्यायला लागले तर महिन्याभरात मुलं विचारायला लागली, “याला स्टार आहे का?” लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ च्या प्रयोगात हेच दिसलं होतं: चित्र काढल्यावर बक्षीस मिळेल असं आधी सांगितलेली लहान मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रं कमी काढायला लागली. डाव जिंकल्याची मजा मुलांना पुरते.

दुसऱ्या दिवशी खेळ नाही, वहीत एकच प्रश्न. विभाजकांच्या खेळात पहिली चाल २८ केली, तर काय होईल? १, २, ४, ७ आणि १४ यांची बेरीज करून झाली की एकेक मान वर येते, कारण दोघांचे गुण सारखेच. तीसपर्यंत अशी आणखी एकच संख्या आहे. ती मी सांगत नाही.