सांगलीत घर कुठल्या भागात घ्यावं? एका पिग्मीवालीचा हिशेब

मी एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दारोदार फिरून रोजची छोटी बचत, गोळा करते. २३ वर्षं झाली. सकाळी गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोडवरची दुकानं, दुपारी चारनंतर विश्रामबाग आणि शंभर फुटी रस्त्याची बाजू, महिन्यातून दोनदा मिरज. स्कूटी तिसरी आहे, गुडघे पहिलेच आहेत. त्यामुळं ज्याला त्याला वाटतं, घर कुठं घ्यावं ते हिला विचारावं. "काकू, विश्रामबाग चांगलं की गावभाग?" मी आधी विचारते, सकाळी डबा घेऊन कोण कुठं जाणार, आणि घरात सत्तरीच्या पुढचं कोण आहे? एवढं कळल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याचं हेच चाललं होतं. तो कुपवाडच्या एमआयडीसीत, सूनबाई मिरजेला शाळेत शिक्षिका, आणि त्याची आई, म्हणजे माझी अक्का, गावभागात, नदीकडच्या जुन्या वस्तीत. वय ७२, रोज सकाळी गणपतीच्या देवळात गेल्याशिवाय चहा घेत नाही. सूनबाईला विश्रामबाग हवं होतं, भाच्याच्या मनात मिरज होती, आणि एक एजंट शामरावनगरातला स्वस्त प्लॉट घेऊन मागं लागला होता. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका एक झाली खरी, पण तिन्हीकडचं वळण वेगळं ते वेगळंच. मी भाच्याला म्हटलं, चार रविवार माझ्याबरोबर फिर. ते फिरणं इथं लिहिते.

आधी फूट विचारा

सांगलीत भागांची तुलना पाण्यापासून सुरू करायची. कृष्णेच्या पाण्याची उंची आयर्विन पुलापाशी मोजतात. पूल १९२९ चा. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. हे आकडे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. पण घर घेणाऱ्याला वेगळा आकडा लागतो. त्या गल्लीत जाऊन जुन्या माणसाला विचारा, "आयर्विनला किती फूट झाले की तुम्ही सामान हलवता?" "इथं पाणी येतं का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "नाही हो, क्वचित" असंच येतं, कारण घर विकायचं कुणाला नसतं? फूट विचारला की माणूस खरं बोलतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथली माणसं ४० च्या आतलाच आकडा सांगतात. पेठेतला दुकानदार पन्नाशीच्या आसपासचा सांगेल. विश्रामबागेत विचारलंत तर समोरचा तुमच्याकडं बघत राहील. नदीच्या पुराचं पाणी तिथं येत नाही, त्या भागाला भाव आहे तो निम्मा याच्यापायी.

आता माझी चूक सांगते. २०१९ ला आम्ही खणभागात भाड्यानं होतो, तळमजला. २००५ च्या महापुरात पाणी त्या घराच्या उंबऱ्याला टेकून परत गेलं होतं. घरमालक ती खूण अभिमानानं दाखवायचे. ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही म्हटलं, फार तर उंबरा ओलांडेल, आणि सगळं टेबलावर, पलंगावर रचून भाच्याकडं गेलो. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ पेक्षा तीन-साडेतीन फूट जास्त. टेबल अडीच फुटांचं. ग्राहकांची पासबुकं माझ्याकडं होती ती पिशवीत घेतली म्हणून वाचली. माझी शिलाई मशीन, लग्नातला शालू आणि धान्याची कोठी गेली. चिखल काढताना मशीनचं चाक हाताला लागलं तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

म्हणून जुन्या खुणेवर तीन-चार फूट चढवूनच हिशेब करायचा. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा ५५ च्या आसपास गेलं. म्हणजे "शंभर वर्षांतून एकदा" म्हणणाऱ्याकडं लक्ष देऊ नका. नकाशावर निळी पूररेषा आणि लाल पूररेषा असते, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या मोठ्या पुराची. महापालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर घेऊन जा आणि आपला प्लॉट कुठल्या रेषेत येतो ते पाहा.

आणखी एक. पाणी नदीच्या बाजूनंच येतं असं नाही. नदी फुगली की नाल्यातून उलटं शिरतं, गटारातून वर येतं. शामरावनगरात तर नदी राहू द्या, नुसत्या पावसाचं पाणी रिकाम्या प्लॉटांत महिना महिना साचून राहतं. खाली काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि भिंतींना तिरक्या चिरा जातात. तिथं घर बघायला गेलात तर हॉल, किचन नंतर बघा. आधी खिडकीच्या कोपऱ्यापासून वर जाणारी चीर आहे का बघा, आणि पाया किती खोल घेतलाय ते विचारा. एजंटच्या त्या प्लॉटचा विषय आम्ही एका फेरीत संपवला. शेजारच्या बाईनं अंगणातून विटांवर पाय ठेवत येऊन आम्हाला पाणी दिलं, ते बघून भाच्यानं स्वतःच नको म्हटलं.

मग दारावर उभं राहा

माझ्या धंद्यात भाग कळतो तो दारावरून. गावभागात मी गेले आणि घरात कुणी नसलं तरी हप्ता शेजारी ठेवलेला असतो. शेजारीण विचारते, काल का आला नाहीत, बरं नव्हतं का? आता हे कुणाला प्रेम वाटतं, कुणाला चौकशी. माझ्या सूनबाईसारखी नोकरीवाली संध्याकाळी सातला थकून येते, तिला बोळातून घरापर्यंत पाच जणींना "आज उशीर?" चं उत्तर द्यायचं नसतं. विश्रामबागेत बेल वाजवली की आधी कुत्रं भुंकतं, मग वरच्या गॅलरीतून "फोनवर पाठवते" असं येतं. चहा मिळत नाही, पण चौकशीही नाही. मला स्वतःला गावभाग आवडतो. पण तो आवडतो जन्मापासूनच्या सवयीनं, हे मला कळतं.

दुकानं वाचायला शिका. मी जिथं रोज २०० रुपये पिग्मी घेते त्या दुकानदाराची पिग्मी एकदम ५० वर आली, मग आठवड्यातून तीनदाच मिळायला लागली, की समजायचं या रस्त्याची गर्दी दुसरीकडं सरकली. तुम्हाला पिग्मीचं पुस्तक दिसणार नाही, पण दूधवाला, इस्त्रीवाला आणि पिठाची गिरणी दिसेल. गिरणीत दहा मिनिटं उभं राहा. किती डबे रांगेत आहेत, कुणाची नावं लिहिलीत, गिरणीवाला किती वाजता बंद करतो. ज्या भागात गिरणी, इस्त्री आणि चप्पल शिवणारा चालत्या अंतरावर आहे तिथं म्हाताऱ्या माणसाचं कुणावाचून अडत नाही. नव्या, मोठ्या रस्त्यावरच्या अपार्टमेंटांत हेच नसतं. तिथं कॉफीची दुकानं तीन आणि गिरणी एकही नाही, असंही मी पाहिलंय.

एकाच भागात वेगवेगळ्या वेळी जा. सकाळी सहाला गेलात तर नळाला पाणी किती वेळ येतं, मोटर लावल्याशिवाय वर चढतं का ते कळेल. दुपारी दोनला झोप मिळते का, की शेजारी वेल्डिंग चालतं? रात्री साडेनऊला गाडी लावायला जागा उरते का? रविवारी सकाळी अकराला सगळे भाग गोड दिसतात. त्या वेळेला बघून कुणी टोकन देऊ नये.

गावभागातल्या बोळांचं एक वेगळं माप आहे. फ्रीज आत जातो का, आणि खाट बाहेर वळते का. अक्काच्या शेजारी एकदा आजोबांना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं. रुग्णवाहिका मोठ्या रस्त्यावर उभी, आणि चार जणांनी खुर्चीत बसवून त्यांना बाहेर काढलं. चार जण दोन मिनिटांत जमले, हेही त्याच बोळात होतं.

मिरजेचं काय

मिरज सांगलीचं उपनगर आहे असं सांगलीकराला वाटतं आणि मिरजकराला ते ऐकून राग येतो. दवाखान्यांची पुण्याई त्या गावाला मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉक्टर वानलेस साहेबांपासून, १८९४ पासून आहे. बीपी-शुगरवाली माणसं घरात असतील तर हा मोठा मुद्दा धरा. जंक्शन असल्यानं पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशी चारी बाजूंची रेल्वे मिळते. पण दवाखान्यांच्या आसपासच्या गल्ल्यांत भाड्याच्या खोल्यांना पेशंटच्या नातेवाइकांचं गिऱ्हाईक असतं, त्यामुळं भाडं चढं आणि दिवसरात्र रिक्षांची ये-जा. पेठेत बघणार असाल तर विसर्जनाच्या रात्री एकदा जाऊन या. मिरजेची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. स्वागत कमानी बघायला मजा येते, पण कमानीला लागून आपली बेडरूम असेल तर वेगळं. सतारमेकर गल्लीच्या बाजूला मात्र मी मुद्दाम हळू चालते. भोपळे वाळत घातलेले असतात, कुणीतरी तार जुळवत असतं, आणि माझी पुढची तीन घरं उशिरा होतात.

पैसे आणि कागद

भाड्यातला फरक एकटा बघू नका. समजा तुमचं दुकान गणपती पेठेत आणि घर विश्रामबागेत. दुपारी जेवायला घरी आलात तर रोजचे साधारण १८ किलोमीटर. स्कूटी लिटरला ४५ देते, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दिवसाला ४२ रुपये, २६ दिवसांचे जवळपास ११०० रुपये. घरात दोन गाड्या असतील तर दुप्पट. पेठेजवळच्या घराचं भाडं हजारानं जास्त असलं तरी ते महाग नाही, उलट दुपारची झोप वाचते. (पुराचा हिशेब वेगळा. तो वर सांगितला.)

हरिपूर, माधवनगर इथं ग्रामपंचायत आहे, महापालिका नाही. रस्त्याच्या एका बाजूची घरपट्टी आणि दुसऱ्या बाजूची यात फरक पडतो. मागच्या वर्षाची घरपट्टी आणि पाणीपट्टी दोन्ही पावत्या मागून घ्या, आणि ड्रेनेज जोडलंय की शोषखड्डा आहे ते विचारा.

कुपवाड आणि बाहेरच्या वस्त्यांत स्वस्त मिळतं ते बहुतेक गुंठेवारीचं, म्हणजे परवानगीशिवाय गुंठा-गुंठा पाडून विकलेल्या जमिनीचं. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, आणि "होऊन जाईल नियमित" हे वाक्य तेव्हापासून चाललंय. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात दिसत नसेल तर सातबारावर एकत्र किती नावं आहेत ते मोजा. माझ्या एका ग्राहकाच्या सातबारावर अकरा नावं निघाली, त्यातलं एक माणूस सुरतेला. बँकेनं कर्ज दिलं नाही, आणि तो अजून व्याजानं घेतलेले पैसे फेडतोय.

तुलना कशी लिहायची

भाच्यानं मोबाइलवर तक्ता केला होता. शाळा, दवाखाना, बाजार, प्रत्येकाला दहापैकी गुण. विश्रामबागेला ७१, मिरजेला ६९, गावभागाला ६८. मी म्हटलं, यातून काय कळलं? पूर आणि पार्किंग यांना सारखेच दहा गुण कसे? मग आम्ही तक्ता पुसला आणि घरातल्या प्रत्येकानं एका कागदावर फक्त दोन गोष्टी लिहिल्या, ज्या अजिबात चालणार नाहीत. सूनबाईनं लिहिलं, तळमजला नको आणि मिरजेला जायला दोन वडाप (शेअर रिक्षा) बदलायला नकोत. भाच्यानं लिहिलं, गुंठेवारी नको, रात्रपाळीहून आल्यावर दिवसा गोंगाट नको. अक्काला लिहायला सांगितलं तर तिनं एकच लिहिलं, लिफ्टवाचून दुसरा मजला नको.

मिरज दिवसाच्या गोंगाटात गळाली, गावभाग तळमजल्यात. उरली विश्रामबाग ते वानलेसवाडीचा पट्टा. सांगली-मिरज रस्त्याला लागून, तिथून सूनबाईला सरळ बस.

तरी विकत लगेच घेतलं नाही. अकरा महिन्यांचा भाडेकरार केला, आणि तो मुद्दाम १ जूनपासून धरला. दिवाळीनंतर करार केला असता तर पहिले सहा महिने कोरडेच गेले असते, आणि घर ओल धरतं का, जिन्यात पाणी येतं का, पावसात लाइट किती वेळा जाते, हे कळायच्या आत माणूस सही करून बसतो.

अक्का गेली नाही. ती गावभागातच आहे, माडीवर. नळाला पाणी आलं की शेजारीण हाक मारते, आणि महिन्यातले पाच-सहा दिवस भाचा तिला स्कूटीवरून नव्या घरी घेऊन जातो. तिथं सकाळी चहा उशिरा घेते. म्हणते, इथून देऊळ दिसत नाही, रिक्षाला किती पडतात ते आधी बघ.