एमएलएच१ ‘बंद’ आहे असं लिहिण्याआधी: मिथायलेशन तपासताना या चुका टाळा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर प्रोजेक्ट घेणारी आपल्या कोल्हापुरातली मुलं बहुतेक एमएलएच१पासून सुरुवात करतात. डीएनएची दुरुस्ती करणारं हे जनुक. त्याच्या प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या भागावर) मिथाइल हे छोटे रासायनिक गट दाटले, म्हणजे मिथायलेशन झालं, की जनुकाची अक्षरं शाबूत असूनही ते गप्प होतं. पण जेलवर मिथायलेशनचा बँड उमटला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

पहिला संशय बायसल्फाइटवर, म्हणजे मिथायलेशन ओळखण्यासाठी डीएनएला देतात त्या रसायनावर घ्या. ते मिथाइल नसलेल्या सायटोसिनचं (डीएनएचं ‘सी’ अक्षर) युरॅसिल करतं, जे पुढे ‘टी’ म्हणून वाचलं जातं; मिथाइल असलेलं तसंच राहतं. काम अर्धवट झालं तर साधं सायटोसिनही मिथायलेटेड वाटतं. जुलै-ऑगस्टच्या आपल्या पावसात मेटाबायसल्फाइटची (यातूनच बायसल्फाइट बनतं) बाटली उघडी राहिली की पावडरचे खडे होतात. ती सरळ बाद करा. द्रावण त्याच दिवशी बनवा, पीएच 5च्या आसपास ठेवा, उजेड लागू देऊ नका. सीक्वेन्सिंगमध्ये (डीएनएची अक्षरं वाचताना) सीपीजीबाहेरची, म्हणजे ज्यांच्यापुढे ‘जी’ नाही आणि जिथे सहसा मिथायलेशन नसतं अशी सायटोसिनं ‘टी’ झालीत का ते आधी बघा. नसतील तर तो नमुना पुन्हा करायचा, वाद नको.

रूपांतरानंतर जेलवर डीएनए दिसेना म्हणून घाबरू नका. तो आता एकेरी धाग्याचा आहे, रंग नीट धरत नाही. जेल काही मिनिटं बर्फावर ठेवून पाहा. फॉर्मॅलिनमध्ये जतन केलेल्या गाठीच्या ब्लॉकचा डीएनए तुकडे झालेला असतो, तेव्हा पीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) तुकडा 150 बेसच्या आत ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती कंट्रोलची चूक. एचसीटी116 आणि आरकेओ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी; दोन्हींत एमएलएच१ प्रथिन नसतं. पण एचसीटी116मध्ये कारण उत्परिवर्तन, आरकेओमध्ये मिथायलेशन. डेसिटाबिन हे मिथायलेशन घालवणारं औषध दिल्यावर जनुक जागं होतं ते आरकेओत. मिथायलेशनचा पॉझिटिव्ह कंट्रोल (मिथायलेशन नक्की असलेला तुलनेचा नमुना) म्हणून एचसीटी116 घेतलंत तर महिनाभर प्राइमरलाच (पीसीआर कुठून सुरू व्हावा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) दोष देत बसाल.

प्राइमरही जिथून लिप्यंतरण (जनुकावरून आरएनए बनणं) सुरू होतं त्याच्या जवळचे हवेत. प्रमोटरच्या दूरच्या भागातलं मिथायलेशन जनुक चालू असतानाही सापडतं. म्हणून आरएनए किंवा प्रथिन तपासल्याशिवाय ‘बंद’ हा शब्द वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

रुग्णाच्या बाबतीत तर जास्तच जपा. गाठीत एमएलएच१ प्रथिन नाही म्हणून घरच्यांना ‘आनुवंशिक आहे’ सांगू नका. गाठीत बीआरएएफ व्ही600ई (बीआरएएफ जनुकातलं एक उत्परिवर्तन) किंवा प्रमोटरचं मिथायलेशन सापडलं तर बहुधा तो कर्करोग आनुवंशिक नसतो. उलट, बीआरएएफचं ते उत्परिवर्तन सापडलं नाही म्हणजे लिंच सिंड्रोमच (कर्करोगाचा आनुवंशिक धोका), असंही नाही. रुग्ण तरुण असेल तर रक्तातल्या डीएनएचंही मिथायलेशन बघून घ्या. क्वचित ते जन्मापासूनच असतं.